संशोधनासाठी राखलेल्या खाटा

'प्रयोग' हा शब्द मराठी माणसाच्या मोठ्या आवडीचा. नाटकाचा प्रयोग म्हटला की तो जेवणखाण आटोपून, तिकीट काढून, तिसऱ्या घंटेच्या आत खुर्चीत जाऊन बसतो. पण हाच शब्द इस्पितळात कानावर पडला की त्याचा चेहरा उतरतो. "काय हो डॉक्टर, आमच्यावर प्रयोग करताय की काय?" हा प्रश्न सरकारी किंवा महापालिकेच्या इस्पितळात काम केलेल्या प्रत्येकाने केव्हा ना केव्हा ऐकलेला असतो. विचारणारा माणूस बहुधा गरीब असतो. दुसरीकडे जाण्याची त्याची ऐपत नसते. म्हणूनच त्याची भीती हसण्यावारी नेऊन चालत नाही.

आणि तरीही, तुमच्या घरातल्या औषधांच्या डब्यात जी साधी गोळी आहे, तीदेखील कधी तरी कोणी तरी पहिल्यांदा घेतलेली आहे. ती घेणाऱ्याला बरे वाटले की नाही, किती वेळाने वाटले, काही अपाय झाला का, हे कोणी तरी त्याच्या उशाशी बसून टिपून ठेवलेले आहे. प्रयोग हा व्हायचाच. तो कोठे व्हावा, कोणाच्या नजरेखाली व्हावा आणि ज्याच्यावर व्हायचा त्याला 'नको' म्हणता यावे की नाही, एवढाच खरा प्रश्न आहे. माझे म्हणणे असे आहे की आपल्या मोठ्या सार्वजनिक इस्पितळांत दहा-वीस खाटांचा एक वॉर्ड केवळ रोग्यांवरील संशोधनासाठी वेगळा काढावा, आणि त्याला त्याची स्वतःची माणसे द्यावीत.

यावर तुम्ही लगेच म्हणाल, "अहो, जिथे दोन खाटांमध्ये गादी टाकून रोगी जमिनीवर निजवावा लागतो, तिथे दहा खाटा राखून ठेवायच्या? हा कुठला न्याय?" आक्षेप रास्त आहे. त्याचे उत्तर दिल्यावाचून पुढचे काही बोलण्यात अर्थ नाही, आणि त्या उत्तरासाठी तुम्हाला थोडे मद्रासेला यावे लागेल. म्हणजे आजच्या चेन्नईला, पण १९५६ सालच्या.

त्या काळी क्षय म्हटला की आरोग्यधाम हे समीकरण ठरलेले होते. आपल्याकडे मिरज, पाचगणी ही नावे घरोघरी ठाऊक होती ती त्यामुळेच. मोकळी हवा, सकस अन्न, सक्तीची विश्रांती, आणि हे सारे महिनोन्महिने. खाटा थोड्या आणि रोगी अगणित. खाटेची वाट पाहता पाहता माणूस खलास व्हायचा. १९५२ च्या सुमारास आयसोनियाझिड हे औषध हाती आले आणि एक अगदी साधा प्रश्न उभा राहिला. रोगी बरा होतो तो औषधाने की खाटेने? औषध घेऊन तो आपल्या घरीच राहिला तर काय होईल?

हा प्रश्न सोडवण्यासाठी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद यांनी मिळून मद्रासला एक केंद्र काढले. त्यांनी १९३ रोगी घेतले. निम्मे आरोग्यधामात ठेवले, निम्मे त्यांच्या घरी. कोणाला कोठे ठेवायचे हे डॉक्टरांनी आपल्या मर्जीने ठरवले नाही. तसे केले असते तर दया येऊन त्यांनी जास्त खंगलेली माणसे आरोग्यधामात धाडली असती आणि तुलनाच फसली असती. ते चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दैवावर सोपवले. औषधे दोघांना तीच, बारा महिने. घरचे रोगी कसे राहत होते म्हणाल, तर दाटीच्या वस्त्यांत, अपुऱ्या अन्नावर. १९५९ साली निकाल प्रसिद्ध झाला. वर्षाअखेर आरोग्यधामातील शंभरांतील सुमारे ९२ जणांचा आणि घरच्या शंभरांतील सुमारे ८६ जणांचा रोग आटोक्यात आला होता. फरक थोडा. घरातल्या मुलाबाळांना त्यामुळे अधिक लागण झाली का, हेही त्यांनी घरोघरी जाऊन पाहिले. झाली नव्हती.

पुढे जगभर क्षयाचे उपचार घरी राहून होऊ लागले. आरोग्यधामे हळूहळू ओस पडली. आता तुम्हीच हिशेब मांडा. एका अभ्यासासाठी शे-शंभर रोग्यांना मोजूनमापून खाटा दिल्या, आणि त्यातून लाखो रोग्यांना खाटेची गरजच नाही हे सिद्ध झाले. जमिनीवर निजणाऱ्या रोग्याला खाट मिळवून देण्याचे दोन मार्ग आहेत. एक, खाटा वाढवणे. दुसरा, कोणाला खाट लागते आणि कोणाला लागत नाही हे शोधून काढणे. पहिला मार्ग मंत्रिमहोदयांच्या हस्ते उद्‌घाटन करायला सोयीचा असतो, म्हणून दुसऱ्याची आठवण कमी होते, इतकेच.

असा वॉर्ड म्हणजे असतो तरी काय? कल्पना नवी नाही. न्यूयॉर्कला रॉकफेलर संस्थेने १९१० मध्ये साठेक खाटांचे इस्पितळ काढले. त्यात मोजक्याच रोगांचे रोगी घेत आणि त्यांच्याकडून पैसे घेत नसत. १९५३ मध्ये अमेरिकन सरकारने बेथेस्डा येथे मोठे इस्पितळ बांधले ते निव्वळ संशोधनासाठी. तिथे रोग्यांच्या खोल्या आणि प्रयोगशाळा एकाच मजल्यावर समोरासमोर ठेवल्या. परंतु मला सर्वांत बोलका वाटतो तो बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधला चार नंबरचा वॉर्ड. १९२५ साली सुरू झाला. खाटा अवघ्या दहा.

या वॉर्डात चार्ल्स मार्टेल नावाचा एक जहाजावरचा कप्तान दाखल झाला. सहा फुटांहून उंच, धिप्पाड माणूस. पण काही वर्षांत त्याची हाडे इतकी ठिसूळ झाली की उंची सात इंचांनी कमी झाली. हाडांतला चुना, म्हणजे कॅल्शियम, जातो कोठे? हे कळायला उपाय एकच. त्याच्या पोटात किती जाते आणि मलमूत्रावाटे किती बाहेर पडते, याचा जमाखर्च ठेवायचा. किराणा दुकानदार ठेवतो तसा, पण दिवसेंदिवस, आठवडेच्या आठवडे. या जमाखर्चातून उघड झाले की शरीर खात्यात नसलेला चुना हाडांतून उपसून खर्च करते आहे, आणि याच्या मुळाशी गळ्याजवळच्या परावटू ग्रंथींचा अतिरेक आहे. ती वाढलेली ग्रंथी शोधण्यासाठी बिचाऱ्याने सात शस्त्रक्रिया सोसल्या. सातव्या खेपेस ती गळ्यात नव्हे, छातीत सापडली. तेव्हा फार उशीर झाला होता. १९३२ मध्ये कप्तान वारला. पण त्या रोगाची आज जी ओळख आहे, तिच्यात या माणसाच्या सोसण्याचा मोठा वाटा आहे.

असला जमाखर्च साध्या वॉर्डात ठेवता येईल का? नाही येणार. अशा वॉर्डाला स्वतःचे स्वयंपाकघर लागते. तिथे भात वजन करून शिजवतात, आणि ताटात उरलेला घासही वजन करून वजा टाकतात. कनवाळू नातेवाइकाने चोरून पाजलेले एक पेलाभर दूध आठवड्याचा हिशेब बुडवू शकते. आपल्याकडे तर डबा घेऊन येणाऱ्या आत्यामावश्यांची रीघ असते!

आणखी एक उदाहरण देतो. समजा, एखादे औषध रक्तात किती वेळ टिकते हे पाहायचे आहे. सकाळी आठला गोळी दिली. मग सव्वाआठ, साडेआठ, नऊ, दहा, बारा, चार असे रक्त काढायचे, ते लगेच बर्फात ठेवायचे, तासाभराच्या आत त्यातला पातळ भाग वेगळा करून गोठवायचा. आता आपल्या नेहमीच्या वॉर्डातले चित्र डोळ्यांसमोर आणा. साठ रोगी, एक सिस्टर, एक शिकाऊ सिस्टर. दहाला रक्त काढायचे, आणि दहालाच दाराशी अपघाताचा रोगी येतो. सिस्टर तिकडे धावते, धावायलाच हवे. रेसिडेंट डॉक्टर रात्रभर जागा असतो. त्याला पाऊण तासाने आठवण होते. कागदावर मात्र 'दहा वाजता' असे लिहिले जाते. यात कोणी लबाड नसते. हात अपुरे असतात. पण त्या कागदावरून उद्या हजारो माणसांना किती गोळ्या द्यायच्या हे ठरणार असते.

आणि आपल्या माणसांचे मोजमाप आपणच घ्यायला हवे. ते परदेशांतून उसने आणून भागत नाही. आयसोनियाझिड काहींच्या शरीरातून भराभर बाहेर पडते, तर काहींच्या सावकाश. आपल्या देशात सावकाशवाले निम्म्याहून अधिक आहेत. जपानात ते थोडे आहेत. हे पुस्तकात बसून समजत नाही. वेळ लावून रक्त काढले म्हणजे समजते.

आता कोणी म्हणेल, "आमच्याकडे वॉर्ड नव्हते म्हणून काय संशोधन अडले होते? डॉ. वकिलांकडे कुठला वॉर्ड होता? डॉ. बावस्करांकडे कुठला होता?" दोन्ही नावे बिनतोड आहेत. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी मुंबईच्या केईएम इस्पितळातून, ५० रोग्यांचा अनुभव मांडून, सर्पगंधेने वाढलेला रक्तदाब उतरतो हे १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये जगापुढे ठेवले. कलकत्त्याच्या सेन आणि बोस यांनी ही मुळी १९३१ मध्येच वर्णिली होती, पण जगाचे लक्ष गेले ते वकिलांच्या लेखामुळे. १९५७ मध्ये त्यांना अमेरिकेचे लास्कर पारितोषिक मिळाले. मधल्या काळात मात्र, १९५२ साली, त्या मुळीतले द्रव्य वेगळे काढले ते स्वित्झर्लंडमधल्या एका कंपनीने. मुळी आपली, रोगी आपले, निरीक्षण आपले. पुढचे पाऊल पडले परक्या अंगणात. माझ्या मते, वकिलांच्या पाठीशी एक कायमचा वॉर्ड आणि एक प्रयोगशाळा असती तर ही गोष्ट निराळी झाली असती.

डॉ. हिंमतराव बावस्करांची हकीकत याहून अलीकडची. कोकणात लाल विंचू चावला की चांगले धडधाकट मूल एका रात्रीत दगावत असे. महाडच्या बाजूला प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरी करताना हा डॉक्टर विंचवाच्या रोग्यांजवळ रात्ररात्र बसला. नाडी, रक्तदाब, हृदयाचे ठोके टिपत राहिला. १९८२ मध्ये 'लॅन्सेट'ने त्यांचे टिपण छापले. पुढे रक्तदाबावरचे प्राझोसिन हे औषध या विंचवावर गुणकारी ठरते हे त्यांनी दाखवले आणि मृत्यू झपाट्याने कमी झाले. २०११ मध्ये त्यांची चिठ्ठ्या टाकून केलेली पद्धतशीर चाचणीही 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आली. तर मग वॉर्ड नव्हता तो कोठे? होता की! या माणसाने रोग्याच्या उशाशी स्टूल टाकले तोच त्यांचा वॉर्ड. पण प्रत्येक तालुक्याला असा एकेक बावस्कर मिळेल असे धरून राज्याची आरोग्यव्यवस्था आखता येत नाही. असामान्य माणसांनी जे झोप मोडून केले, ते सामान्य माणसांना नोकरीच्या वेळेत करता यावे, यासाठी तर वॉर्ड हवा.

आणि सार्वजनिक इस्पितळातच का? कारण काही प्रश्न दुसरे कोणी विचारणारच नाही. औषधकंपनी आपल्या नव्या औषधाची चाचणी करते. तिचा तो व्यवसाय आहे, त्यात गैर काही नाही. पण जुन्या, स्वस्त औषधात तिला काय मिळणार? परळलाच टाटा मेमोरियल इस्पितळ आहे. १९६२ पासून ते केंद्राच्या अणुऊर्जा खात्याकडे आहे. तिथल्या डॉक्टरांना वाटले की स्तनाच्या कर्करोगाची गाठ काढण्याआधी काही मिनिटे तिच्याभोवती लिग्नोकेन टोचले तर? हे म्हणजे दात काढताना जागा बधिर करायला वापरतात तेच औषध. अकरा इस्पितळांतील सुमारे सोळाशे स्त्रियांचा अभ्यास झाला. २०२३ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला, तो असा की पाच वर्षांनंतर हयात असलेल्या स्त्रियांचे प्रमाण टोचलेल्यांत शेकडा ९०.१ आणि न टोचलेल्यांत शेकडा ८६.४ होते. हा निकाल इतरत्रही पडताळून पाहायला हवाच. पण शंभरांत तिघी-चौघींच्या जिवाचा हा प्रश्न विचारायला कोणती कंपनी पुढे आली असती?

कोविडचे दिवस तुम्ही विसरला नसाल. २०२० च्या उन्हाळ्यात बऱ्या झालेल्या माणसाचे प्लाझ्मा, म्हणजे रक्तद्रव, मिळवण्यासाठी नातेवाईक शहरभर वणवण करीत होते. त्याच वेळी संशोधन परिषदेने देशातल्या ३९ सरकारी आणि खाजगी इस्पितळांत ४६४ रोग्यांवर त्याची चाचणी घेतली. उत्तर मिळाले ते असे, की या उपायाने ना मृत्यू टळतो ना रोग बळावणे थांबते. हे २०२० मध्येच छापून आले. तरी सरकारी उपचारपद्धतीतून प्लाझ्मा वगळले गेले २०२१ च्या मे महिन्यात. तोवर दुसरी लाट येऊन हजारो घरांनी धावाधाव केलेली होती. संशोधन झाले म्हणजे ते ऐकले जातेच असे नाही. पण निदान विचारणाऱ्याला उत्तर तरी होते.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येतो: "आमच्यावर प्रयोग करताय की काय?"

नेहमीच्या वॉर्डात संमती कशी घेतली जाते, पाहा. जो डॉक्टर खाट देतो, जो उद्या घरी सोडणार आहे, तोच कागद पुढे करतो. रोगी म्हणतो, "साहेब, तुम्हीच मायबाप. तुम्ही म्हणाल तिथं अंगठा करतो." याला संमती म्हणायचे असेल तर म्हणा, मी म्हणणार नाही. २००९ साली आंध्रातील खम्मम जिल्ह्यात मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लस टोचण्याचा एक प्रकल्प झाला. तेथे वसतिगृहात राहणाऱ्या कितीतरी मुलींच्या वतीने वसतिगृहाच्या अधिकाऱ्यांनीच सह्या केल्या होत्या. २०१० मध्ये प्रकल्प थांबवावा लागला आणि संसदेच्या समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. लस वाईट होती असे नव्हे. विचारण्याची रीत वाईट होती.

२०१९ च्या नियमांनी यावर बरीच बंधने घातली आहेत. नव्या औषधाची चाचणी नीतिसमितीच्या संमतीवाचून करता येत नाही. या समितीत किमान सात जण लागतात, त्यांतले निम्मे तरी त्या संस्थेबाहेरचे, आणि एक जण अगदी तुमच्याआमच्यासारखा, वैद्यकाशी संबंध नसलेला. चाचणीमुळे अपाय झाला तर फुकट उपचार आणि भरपाई द्यावी लागते. कागदावर हे चांगले आहे. पण कागद पाळायला जागा आणि माणसे लागतात. वेगळ्या वॉर्डात संमती विचारणारी व्यक्ती उपचार करणारी नसते. एक छोटी खोली असते, तिथे रोगी आणि त्याचा मुलगा खुर्चीवर बसतात, उभे राहत नाहीत. कागद घरी नेता येतो. शिकलेल्या भाच्याला दाखवता येतो. आणि मुख्य म्हणजे 'नको' म्हटले तरी त्याची जनरल वॉर्डातली खाट त्याचीच राहते. अभ्यासाची खाट निराळी आणि उपचाराची खाट निराळी, हा भेद भिंत घातल्यावर रोग्याला दिसतो. सांगून दिसत नाही.

याची दुसरी बाजूही आहे आणि ती झाकू नये. संशोधनाचा वॉर्ड स्वच्छ असणार, जेवण बरे असणार, सिस्टर चार वेळा विचारपूस करणार. मग गरीब माणूस त्या खाटेच्या लोभानेच 'हो' म्हणाला तर? ही लालूच कमी करण्याचा मला एकच मार्ग दिसतो. शेजारचा साधा वॉर्डही माणसाने राहण्याजोगा ठेवणे.

राहता राहिला व्यवहार. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने औषधांच्या पहिल्या टप्प्यातील चाचण्यांसाठी जे जाळे विणले आहे, त्यात देशातल्या चार संस्था आहेत आणि त्यांतल्या दोन आपल्याकडच्या: परळचे केईएम आणि खारघरचे टाटा केंद्र. हे उत्तम झाले. पण हा पहिला टप्पा बहुधा निरोगी स्वयंसेवकांचा किंवा मोजक्या रोग्यांचा असतो. मी म्हणतो तो वॉर्ड जिल्ह्याजिल्ह्यांतल्या वैद्यकीय महाविद्यालयांत हवा, तिथल्या रोगांसाठी. सर्पदंशाचा कोकणात, सिकलसेलचा विदर्भात. यंत्रसामग्रीला एकदाच पैसा लागतो आणि तो मिळतोही. अडते ते माणसांपाशी. शिकवून तयार केलेली सिस्टर सहा महिन्यांत दुसऱ्या वॉर्डात बदलून जाते, कारण तिथे कोणी रजेवर आहे. मामा आणि मावशी तर रोज नवे. या वॉर्डाच्या माणसांना निदान तीन वर्षे हलवायचे नाही, असा साधा हुकूम अधिष्ठात्यांनी काढला तर निम्मे काम होईल.

आणखी एक गोष्ट, फार थोड्या ठिकाणी होते ती. अभ्यास संपल्यावर त्याचा निकाल परदेशी मासिकात छापून येतो; ज्याने दंडातून वीस वेळा रक्त दिले त्याला तो कोणी कळवीत नाही. तो त्याच्या गावी, त्याच्या भाषेत, चार ओळींत कळवावा: तुमच्या अभ्यासातून असे निघाले, तुम्हाला यातले अमुक औषध मिळाले होते, आता पुढे हे करा. त्याला लागतो एक कारकून, पत्त्यांची वही आणि टपालखर्च.